हनुवटीला लावून

गुरुवारी दुपारी गार्नेटचा ट्रक येतो.
आत भिंतभर हत्यारं, दागिन्यांसारखी टांगलेली,
आणि उधारीची वही.
आठवड्याला वीस डॉलर, म्हणतो तो, कळणारही नाही.
थंडर बेमध्ये कळत नाही असं काही नसतं.
रस्त्यावर टाकलेलं मीठ इथे
पँटच्या शिवणीतसुद्धा कळतं.

ऑक्टोबर संपत आलेला. उद्या नाही तर परवा बर्फ.
गाड्यांची रांग दारापासून पार धान्याच्या कोठारांच्या वळणापर्यंत,
सगळ्यांना हिवाळी टायर आजच हवेत,
आणि माझ्या जुन्या गननं सकाळी
एका पिकअपच्या चौथ्या नटावर
शिंकल्यासारखं केलं नि मान टाकली.

गार्नेटनं खोक्यातून नवी काढली.
बाराशेचा जोर, बघ, इथे छापलाय.
मी छापलेलं बघत राहिले.
मुठीला रबर, वजन मांजराच्या पिलाइतकं,
माझा हात आधीच हो म्हणून बसला होता.

तेवढ्यात रेइनो आला, फडक्याला हात पुसत.
"बाराशे कुठे? त्यांच्या कारखान्यात,
त्यांच्या जाड नळीवर, त्यांच्या कोऱ्या बोल्टवर.
आपल्याकडे चाळीस फूट नळी, एक गळका जोड,
आणि मागे कण्हणारा तो म्हातारा कॉम्प्रेसर.
आणि बोल्ट? बोल्ट नाहीत ते, लिओना,
गंजाच्या गाठी आहेत."

मग म्हणाला, तिन्ही लाव.
नवी, तिच्याहून स्वस्त एक,
आणि कुणीतरी परत केलेली, कडांचा रंग उडालेली,
जिच्यातली पाती गार्नेटनं स्वतः बदलली होती.
मागच्या अंगणातल्या भंगार व्हॅनवर
पाच नट, प्रत्येकीला आळीपाळीनं.

स्वस्तातली नुसती ओरडली.
नवीनं नट सोडवला, खोटं का बोलू, लवकर सोडवला.
रंग उडालेलीला दोन श्वास जास्त लागले.
रेइनो डोळे मिटून ऐकत होता.
"आत दोन घण असतात, समोरासमोर.
ठोका एकच ऐकू आला पाहिजे."
मग एकेक गन त्यानं घेतली
आणि चालू असतानाच तिची पाठ
हनुवटीच्या हाडाला लावली.

मला वाटलं, ही विद्या आहे.
दाया पोटाला कान लावतात, तसं काहीतरी.
मी मनात टिपूनही ठेवलं.

रंग उडालेली घे, म्हणाला.
गार्नेटचा चेहरा पडला, पण वही उघडली.

विद्या नव्हती ती.
डिसेंबरात कॉफीच्या कपाचं झाकण
त्याला उघडेना, तेव्हा पाहिलं:
बोटं पेरापर्यंत पांढरी, मेणाची,
जणू दुसऱ्या कुणाची आणून लावलेली.
एकेचाळीस वर्षं त्या मुठीत
कुठली ना कुठली गन थरथरत होती.
आता हाताला थरथर कळत नाही त्याच्या.
हाडाला कळते.
त्यानं त्या दिवशी जोर मोजलाच नव्हता.
माझ्या हातापर्यंत काय पोचेल, ते मोजत होता.

रोज सकाळी नळीच्या तोंडात तेलाचे चार थेंब.
संध्याकाळी टाकीतलं पाणी काढायचं,
नाहीतर रात्रीत गोठतं.
आणि नट शेवटचा आवळायचा तो हातानंच,
काटेवाल्या पान्यानं, टिक् होईपर्यंत;
गन घाईची आहे, तिला पुरे कळत नाही.
हे सगळं मी करते.
हातमोजेसुद्धा घालते, जाड, तो बघत असला की.

सतरा हप्ते राहिलेत.
परवा एक नट असा जाम बसला होता
की मला नवीची आठवण आली, आणि रागही.
शेवटी टॉर्चनं तापवून काढला.

रेइनो घरी जाताना कोटाचं वरचं बटण
उघडंच ठेवतो, उणे तिशीतसुद्धा.
आम्ही दोघंही त्याला सवय म्हणतो.